सत्तर डेसिबल लोकहित

आमच्या वेसिक्युला गावाला फुटबॉलचं मैदान हवं आहे की नाही, हे ठरवण्यासाठी नगरपालिकेने गेल्या ऑगस्टमध्ये गोलखांबामागे आवाज मोजायचं यंत्र बसवलं. अट साधी होती. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात प्रेक्षकांचा आवाज सलग पाच मिनिटं सत्तर डेसिबल भरला, तर लोकहित सिद्ध. नाही भरला, तर मैदान तबकड्या फेकायच्या खेळाला. झाडाबिडांमधून तबकडी फेकायची, ती साखळ्यांच्या टोपलीत पडली की खूश व्हायचं. आजूबाजूच्या सगळ्या गावांत हा खेळ आलाय, आमच्याकडे नाही, म्हणून आम्ही मागासलेले.

मी क्लबचा चिटणीस. आम्ही चौथ्या लीगमध्ये खेळतो. चौथ्या लीगच्या खाली लीग नाही, दलदल आहे. घरच्या मैदानावर सहा वर्षांत आम्ही जिंकलेलो नाही. तरी दर सामन्याला साठ माणसं येतात, एकमेकांपासून पाच-पाच पावलं लांब उभी राहतात आणि तोंडातून ब्र काढत नाहीत. गोल झाला तर मान हलवतात. दोन वर्षांपूर्वी एकजण ‘अरे वा!’ म्हणाला होता. तो परगावचा निघाला.

पहिल्या चाचणीनंतर लोकहित-मोजणी अधिकारी काइरेबाई आल्या. “एकतीस डेसिबल. त्यातले अठ्ठावीस कावळ्यांचे.”

“म्हणजे तीन आमचे?” मी आशेने विचारलं.

“ते कुणीतरी खोकलं त्याचे.”

सगळ्यात जास्त हबकला तो आमचा गोलकीपर एल्मार. वय त्रेपन्न, शाळेची बस चालवतो. मैदानावरचं गवतसुद्धा तोच कापतो. “तीस वर्षं त्या दोन खांबांमध्ये उभा आहे रे,” तो मला म्हणाला. “एकदा, फक्त एकदा एकही गोल न खाता घरी जायचंय. मैदानच गेलं तर कुठे जाऊन उभा राहू?” एल्मार एका दमात एवढं बोलला म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मी सभा बोलावली. “पुढच्या सामन्याला सगळ्यांनी ओरडायचं,” असा ठराव मांडला. दहा मिनिटं शांतता. मग मागून कोणीतरी विचारलं, “एकट्याने?”

ठराव एकमताने मंजूर झाला, सगळ्यांनी घरी जाऊन संगणकावर रीतसर सह्याही केल्या. ओरडण्याच्या सरावाला यंत्राने चौतीस दाखवले. दुसऱ्या दिवशी तिघांनी गोंगाट केल्याबद्दल माफीची पत्रं पाठवली.

तेव्हा गायनाच्या निवृत्त शिक्षिका लेइडाबाई पुढे आल्या. “अरे, काय वेडे की काय तुम्ही! आपल्या माणसाला ओरडता कुठे येतं? पण गाता तर येतं ना! अख्खं गाव माझ्या गायकवृंदात आहे.”

खरंच होतं. जो माणूस शेजाऱ्याला नमस्कार करायला आठवडा लावतो, तो शंभर जणांत उभा केला की छप्पर उडवतो. पहिल्याच तालमीला अठ्ठ्याऐंशी डेसिबल! एल्मारच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण एकदा गाणं म्हटलं की ते नीटच व्हायला हवं. लेइडाबाईंनी खर्जाचे आवाज कॉर्नरपाशी लावले, उंच आवाजाच्या बायका वाऱ्याच्या दिशेला. रेफ्रीने शिट्टी सुरात वाजवावी असा अर्ज गेला, आणि मंजूर झाला. मग बाईंच्या लक्षात आलं की मंडळी मधूनच चेंडूकडे बघतात. त्यांनी सगळ्यांना मैदानाकडे पाठ करून उभं केलं. “गाणाऱ्याने बघायचं ते माझ्या हाताकडे. बॉल काय, पळतोच आहे.”

शेवटच्या सामन्याच्या दिवशी पट्ट्यापट्ट्यांचे घागरे घालून बायका आल्या, शेजारच्या तीन गावांचे गायक बस भरभरून आले. सहाशे माणूस! आमचे तीन खेळाडू वरच्या पट्टीत गाणारे, त्यांनाही बाईंनी ओढून नेलं. आमचा संघ आठ जणांनिशी उतरला. नियमाने सात पुरतात.

चाळीस मिनिटं यंत्र एक्क्याण्णववर होतं. शेवटचा सूर थांबला तेव्हा कॉर्नरपाशी, मैदानाकडे पाठ करून उभा मीही रडत होतो. काइरेबाईंनी जागच्या जागी फोनवर निर्णयाला सही केली आणि वाचून दाखवला: “लोकहित निर्विवाद सिद्ध. मैदान गायनासाठी कायम राखण्यात येत आहे. गोलखांब गायकांना अडथळा ठरत असल्याने काढण्यात यावेत.”

“अहो बाई, पण हा आवाज फुटबॉलसाठी होता!” मी त्यांच्या कानात कुजबुजलो.

“यंत्र आवाज मोजतं, कारण नाही.” मग त्या मोठ्याने म्हणाल्या, “कोणाची हरकत असेल तर आत्ता सांगा.”

सहाशे माणसं. कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. मी खर्जात गातो, एकट्याने सुरुवात करायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी एल्मार गोलखांब बसमध्ये भरत होता. मी हात लावायला गेलो. त्याने खांबाचं एक टोक माझ्याकडे दिलं. मग म्हणाला, “पेनल्टी पाहिलीस ना?”

“पाहिली की!” मी म्हटलं. “काय उजवीकडे झेपावलास!”

“डावीकडे,” तो म्हणाला आणि खांब आत ढकलला.

एक-शून्य. आम्ही जिंकलो होतो. तीस वर्षांत पहिल्यांदा एल्मार एकही गोल न खाता घरी गेला, आणि सहाशेपैकी एकाही माणसाने ते पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही मात्र आम्हाला हसू नका. आवाज किती भरला, मैदान राहिलं की गेलं, सगळं चवीने वाचलंत. सामना कोण जिंकलं, हे आत्ता मी सांगेपर्यंत तुमच्या तरी मनात आलं होतं का? तेव्हा कधी एल्मार भेटला, तर पेनल्टी पाहिली म्हणून सांगा. आणि कृपा करून डावीकडे म्हणा.