यती मरायला तयार नाही

संगणकावरच्या खेळाचे तीन भाग यतीने दुसऱ्यांच्या जखमांवर फुंकर घालण्यात घालवले. अंगी देवाचं एवढं तेज, पण खेळात हा वीर आपला मागे उभा. तलवारवाल्या राजपुत्राला खरचटलं की पुढे यायचं, बस्स. चौथ्या भागात तर खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी त्याला पहिल्याच दृश्यात राक्षसाकडून मारायचं ठरवलं. यतीला जन्म देणाऱ्या लेखिकाबाईंनी विनवण्या केल्या, पण साहेब म्हणजे पालथा घडा.

त्या कचेरीत नट येईपर्यंत कोणाच्याही आवाजात संवाद तात्पुरते भरून ठेवायची रीत होती. यतीचे अखेरचे शब्द बाईंच्या वाट्याला आले. 'माझं तेज तुमच्यासोबत आहे' एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी माईकसमोर मनातली सगळी मळमळ ओकली. काचेपलीकडून ध्वनिवाला हात वर करून थांबायची खूण करत राहिला, आणि मग हसत हसत त्याने तेच ठेवून दिलं. नट आला की पुसायचंच होतं.

नटाचा घसा बसला. हे साहेबांना दुसऱ्या कोणीतरी सांगावं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. बाईंचा आवाज तसाच राहिला.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पडद्यावर राक्षसाने कुऱ्हाड उगारली आणि दाढीवाल्या यतीच्या तोंडून बाईंचा आवाज आला, "तीन भाग तुमची मलमपट्टी केली. एकाने तरी विचारलं का, बाबा, तुला आणखी काय येतं?"

संवाद संपल्याशिवाय वार करायचा नाही, ही राक्षसाला दिलेली शिस्त. संवाद संपेना. राजपुत्राचा आळस निघाला, साहेबांची अक्कल निघाली. नोकरी गेलीच असं समजून बाई खुर्चीत खचत चालल्या होत्या. शेवटी ध्वनिवाल्याला म्हटलेलंही आलं: "हात खाली कर आणि जेवायला चल."

इतका वेळ ताटकळल्यामुळे राक्षसाचा वार खेळात आपोआप रद्दच झाला. त्याने मुकाट्याने हात खाली घेतला.

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. साहेब तडक मंचावर चढले आणि ही कल्पना आपलीच असल्याचं सांगून मोकळे झाले. चौथ्या भागाचा नायक यती, आवाज हाच. बाईंना रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावर राक्षसाचा चित्रकार तोंड पाडून बसला होता. पहिल्या दृश्यात आता त्याचा राक्षस मरणार होता.

"केवढं होतं हो त्याच्यात," तो म्हणाला.

बाईंनी डबा उचलला. "मरत नाही तो. यतीने जेवायला बोलावलंय त्याला. चल, तूही चल."