नारळाच्या मानाचा साधार निर्णय

शके १८५३, श्रावण शुद्ध त्रयोदशीस, तिसऱ्या प्रहरी, उरणच्या कोळीवाड्यातील देवळाच्या ओट्यावर इतिहास-निर्णय मंडळाची बैठक भरली. जे घडून गेले ते कसे घडले, हे त्या वेळी जन्मास न आलेल्या माणसांनीच ठरवावे, हा इतिहासशास्त्राचा पहिला नियम होय. आणि तो नियम मंडळाचे चिटणीस रामचंद्रपंत यांच्याइतका कसोशीने पाळणारा गृहस्थ थेट पनवेलपर्यंत आढळत नसे. (पनवेलच्या पलीकडे पंतांनी चौकशी केली नव्हती.)

प्रश्न गंभीर होता. नारळी पौर्णिमेस दर्याला पहिला नारळ कोणी वाहावा, भागोजीने की गुणाजीने? थोरल्या वादळाच्या वर्षी सारा वाडा घरात दडला असता ज्या एका मर्दाने किनाऱ्यावर जाऊन नारळ वाहिला, त्याच्या घराण्याला हा मान, हे दोघांनाही मान्य होते. तो मर्द म्हणजे आपलाच आजा, हेही दोघांना मान्य होते. आणि पहिला नारळ पडल्याखेरीज एकही होडी पाण्यात लोटायची नाही, असा वाड्याचा कायदा असल्यामुळे, परवाच्या भरतीपूर्वी निर्णय न झाल्यास पावसाळाभर सुक्या बोंबलांवर काढलेल्या वाड्याला पुढेही सुके बोंबीलच चघळावे लागणार होते. आणि तेही संपत आले होते.

"पंतानूं, काय तो निकाल झटक्यान द्या," भागोजी म्हणाला. "न्हायतर मी गुणाजीच्या डोक्यावर नारल फोरतो. तोच पयला धरा."

"फोर की," गुणाजी म्हणाला. "म्हंजे मान माज्याच डोक्याला."

पंतांनी हात वर करून शास्त्र सांगितले. इतिहासाची साधने दोन प्रकारची: अव्वल आणि दुय्यम. अव्वल साधन घटनेच्या काळचे असावे, लेखी असावे आणि वादात त्याचा स्वार्थ नसावा. उरलेले सारे दुय्यम, म्हणजे उष्टे.

पहिली साक्ष मनुबाईंची झाली. नव्वदीला टेकलेल्या या बाई वादळाच्या वेळी सात-आठ वर्षांच्या होत्या आणि ओट्यावर बसून जाळे विणीत होत्या. (आज, वादळात नव्हे.)

"मनुआय, त्या दिवशी नारळ कोणी वाहिला?"

"कोनीच न्हाय. बाप्ये सगले दारं लावून बसलेले. नारल इथं देवलात ठेवलेला. मना भूक लागली, मी फोरला नि खाल्ला." त्यांनी जाळ्याचा दोरा ओढला. "लय गोर लागला."

पंतांनी साक्ष कसोटीस लावली. बाई त्या काळच्या होत्या, हे निर्विवाद. स्वार्थ नव्हता, नारळ पचून ऐंशी वर्षे झाली होती. फक्त त्या लेखी नव्हत्या. पंत मनाचे मोठे, त्यांनी स्वतः टाक उचलून जबानी लिहून घेतली. आता ती लेखी झाली. परंतु लेख आजचा, म्हणून त्या काळचा नव्हे. अशा रीतीने मनुबाई सर्वांसमक्ष दुय्यम ठरल्या. त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांच्या जाळ्याचे एक घर चुकले होते, ते त्या उसवीत होत्या.

यानंतरच्या तीन साक्षी मात्र पाहण्याजोग्या जुळल्या. मासळी विकणारी काशी, मिठागरवाले अब्दुस्समद आणि गलबतावरून नारळ आणणारा हमदुल्ला, तिघांनीही गुणाजीच्या आज्याचेच नाव घेतले. तिघांच्याही सांगण्यात त्याचे मुंडासे भिजलेले होते, नारळ डाव्या हातात होता आणि नारळ पडताच दर्या निवला होता. सत्य अनेक तोंडांनी एकच बोलते, असे पंत भारावून म्हणाले. केवळ रिवाज म्हणून त्यांनी प्रत्येकास विचारले, "तुम्हांला हे कोणी सांगितले?"

काशीला अब्दुस्समद यांनी. अब्दुस्समद यांना हमदुल्लाने.

"आणि तुला?"

"तुम्हीच, पंत," हमदुल्ला म्हणाला. "तीन वर्षांमागं, गणपतीतल्या व्याख्यानात. बाया रडल्या होत्या की."

पंतांना व्याख्यान आठवले. त्यात एक वीर हवा होता, आणि गुणाजी पुढच्याच रांगेत बसला होता. एखादा सामान्य संशोधक येथे खचला असता. पंतांनी तीच कसोटी स्वतःस लावली. व्याख्यान लेखी होते, अक्षरही सुवाच्य. स्वार्थ नव्हता, पंत मासळीला शिवतही नसत. राहता राहिला काळ. त्या व्याख्यानापूर्वी ही घटना घडल्याचा कोठेही पुरावा नाही. अर्थात ती प्रथम व्याख्यानातच घडली, आणि व्याख्यान घटनेच्या अगदी काळचे ठरले. अव्वल साधन हाती आले. मान गुणाजीला मिळाला.

भागोजी सरकत सरकत पंतांच्या अगदी पुढ्यात येऊन बसला. मग म्हणाला, "पंतानूं, अवंदाच्या गणपतीत मना पुढं बसवा."

येथवर आलेल्या चतुर वाचकाने हा निकाल मनातल्या मनात केव्हाच फिरवून नारळ मनुबाईंच्या पदरात टाकला असेल. हमदुल्लाचेही तसेच झाले. उठता उठता तो म्हणाला, "मला विचाराल तर, म्हातारीचंच खरं आहे."

मनुबाईंनी दोऱ्याची गाठ दातांनी आवळली आणि त्याच्याकडे पाहिले.

"तू होतास तवा?"

"नाही, आये."

"मंग तुला कसा ठावा? गप बस."