पुसलेलं घर

घर लख्ख होतं, आणि ते पाहूनच रुपीबाई उंबऱ्यात थांबली.

लेकीचं बाळंतपण उरकून ती दिग्रसजवळच्या आपल्या तांड्यावर परतली होती. लेकीला आणि तान्ह्या नातीला जावई मागाहून आणून सोडणार होता. दार नुसतं लोटलेलं होतं. नवरा घरात नव्हता, त्याचा मोबाईल बाजेवर पडला होता, आणि फरशी अशी पुसलेली, की तिच्यावर पाय ठेवायची भीती वाटावी. तिचा नवरा खेमसिंग म्हणजे तांड्याचा नायक, सगळ्यांचा प्रमुख. उभ्या जन्मात त्यानं स्वतःचं ताट उचललं नव्हतं. शेजारीपाजारी विचारलं, तर बाजाराच्या दिवसापासून तो कुणालाच दिसला नव्हता. रुपीबाईनं थेट पोलीस ठाणं गाठलं.

"मॅडम, माह्या मानसाले कोनीतरी मारलं," ती फौजदार अर्पिता भोयर यांना म्हणाली. "मारलं अन् घर पुसून टाकलं. मी नसताना आमच्या घरात पुसनारं कोनी नाही."

अर्पिता नुकत्याच नागपूरहून तपासाचं नवं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. सोबत एक पेटीही मिळाली होती. तिच्यातल्या बाटलीतलं रसायन फवारलं, की पुसून टाकलेलं रक्तसुद्धा अंधारात निळं चमकतं. हवालदार इंद्रजितचा मात्र जुन्या पद्धतीवर भरवसा होता. खेमसिंगचा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजारच्या देवसिंगशी वाद होता, तर देवसिंगला ठाण्यात आणून जरा डोळे वटारावेत, पुढचं तो आपणच सांगेल, असं त्याचं म्हणणं. अर्पितांनी साफ नकार दिला. कुणाला हात लावायचा नाही, पुरावाच बोलेल. हे ऐकून देवसिंगला एवढं बरं वाटलं, की तो स्वतःहून सोबत आला.

भर दुपारी खिडक्यांवर आणि दारांवर घोंगड्या टांगल्या, छपराच्या कवेलूंवर ताडपत्री अंथरली. सगळा तांडा पुढच्या अंगणात उभा राहिला. आत रुपीबाई, देवसिंग आणि दोघं पोलीस एवढेच राहिले; डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

बाटली फुसफुसली आणि फरशी उजळली.

कुणाला तरी ओढत नेल्यासारखे लांबच लांब निळे पट्टे धान्याच्या कोठीपासून बाजेपर्यंत आले होते, बाजेखालून दारापर्यंत गेले होते. पट्ट्यांच्या मध्ये गुडघ्यांचे गोल डाग उमटले होते. माणूस रांगत गेला होता. इंद्रजित मारुतीचं नाव घेऊ लागला. मग भिंत उजळली आणि तिच्यावर एक पंजा दिसला, जमिनीवरून उठू पाहणाऱ्यानं टेकवावा तसा. चार बोटं पुरती, एक अर्धं.

खेमसिंगचं बोट कडबा कुट्टीत गेलेलं सगळ्यांना ठाऊक होतं. रुपीबाईनं त्या पंजाशेजारी आपला हात ठेवला आणि ती हलक्या आवाजात रडू लागली. देवसिंगनं हात जोडले.

"मॅडम, धुरा मीच कोरला. दरसाली जरासा. पन मानूस नाही मारला म्या."

इंद्रजितनं त्याचं मनगट धरलं. अर्पितांनी या वेळी त्याला अडवलं नाही. पुरावा खरंच बोलत होता.

तेवढ्यात मागच्या दाराची घोंगडी हलली. काळोखात दोन पांढरे हात तेवढे दिसले, आणि त्यांच्यामागून खेमसिंगचा आवाज आला.

"रुपी, दिवसाढवळ्या अंधार काहून केला?"

इंद्रजितनं देवसिंगचं मनगट सोडलं आणि भीतीनं त्याच्याच गळ्याला मिठी मारली. अर्पितांनी घोंगडी ओढली. उन्हात खेमसिंग उभा होता. खांद्याला पिशवी होती आणि दोन्ही तळव्यांना पट्ट्या बांधलेल्या होत्या.

पांढरकवड्याकडे बहिणीच्या तांड्यावर गेलो होतो, असं त्यानं सांगितलं. हातांना काय झालं विचारलं तर म्हणे सायकलवरून पडलो. अर्पिता जवळ गेल्या आणि पट्ट्यांच्या वासानं थबकल्या. ब्लिचिंग पावडर. रसायन फवारलं की तीसुद्धा अशीच निळी चमकते, घाई करू नका, असं नागपूरच्या सरांनी बजावलं होतं. आणि फरशीवर उमटलेला रांगता माणूस पाहून अर्पिता ते साफ विसरल्या होत्या.

त्यांनी खेमसिंगला बाजूला घेतलं. तो खाली मान घालून बोलू लागला. नात येणार, डॉक्टरनं घर स्वच्छ ठेवायला सांगितलेलं. म्हणून त्यानं विहिरीसाठी आलेली पावडर आणली. पाण्यात किती टाकायची याचा अंदाज नव्हता. गुडघ्यांवर बसून त्यानं सगळं घर पुसलं, तर तळव्यांची सालं निघाली. नायकाचे हात फरशी पुसून सोलवटले, हे तांड्यात कसं सांगायचं? म्हणून ते बरे होईपर्यंत राहायचं ठरवून तो बहिणीकडे गेला होता, पण नात येण्याआधी परतावं लागलं.

"मॅडम, कागदावर काहीही लिहा," तो कुजबुजला. "बकऱ्याचं रगत लिहा. पोछा नोका लिहू."

खोटं लिहिता येणार नाही, असं अर्पितांनी सांगितलं. पण कागदाची भीती बाळगण्यात आता अर्थ नव्हता, कारण रुपीबाई त्याच्या मागेच उभी राहून सगळं ऐकत होती. देवसिंग सुटला खरा, पण धुऱ्याचं बोलणं त्याला परत गिळता येत नव्हतं. तो चपला हातात घेऊन निघून गेला.

रुपीबाईनं घोंगड्या पुन्हा खाली सोडायला लावल्या आणि अर्पितांना म्हणाली, अजून एकदा दाखवा.

बाटलीत थोडं उरलं होतं. अंधारात निळे पट्टे पुन्हा उमटले, या वेळी जरा फिके. रुपीबाई त्यांच्यामागून हळूहळू फिरली. बाजेखाली, धान्याच्या कोठीमागे, पाळणा टांगायच्या जागेखाली, जिथं जिथं त्याचा हात गेला होता तिथं ती थांबली. खेमसिंग अंग चोरून उभा होता. ती फिरेल तसा तिच्या बांगड्यांचा आवाज येत राहिला.

मग ती चुलीपाशी थांबली. तिथं काहीच चमकत नव्हतं.

"हा कोपरा राह्यला," ती म्हणाली.