फौजदाराला फिरवून आणताना

हसनाबादचे बिरूमामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नवीन जालन्यात लेकीकडे, मनीषाकडे आले, ते कुत्र्यासकट. कुत्र्याचं नाव फौजदार. मेंढरं राखण्यात त्याची हयात गेलेली. धन्याशिवाय अन्नाला शिवत नाही म्हणून सोबत आणलेला. जावई रामेश्वर बियाणे कंपनीत कारकून. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी खुर्ची उबवण्यापलीकडे त्याला काही येत असेल, असं मामांना वाटत नव्हतं. (रामेश्वरलाही फारसं वाटत नव्हतं, पण ते घरात बोलायचं नसतं.)

"मामा, फौजदाराला मी फिरवून आणतो," रविवारी त्यानं जाहीर केलं. एकदा तरी सासऱ्याच्या तोंडून शाब्बास ऐकायचंच होतं.

"संभाळा जावईबापू," मामा म्हणाले. "त्याला न्हाई, सोत्ताला."

गावाबाहेरच्या टेकडीवर वनविभागानं झाडीतून फिरायची वाट केली आहे. पहिलं वळण झकास गेलं. रामेश्वरनं सेल्फीसुद्धा काढला. दुसऱ्या वळणावर खाली ओढ्याकाठी मेंढरं दिसली आणि हातातली दोरी गेली. फौजदार कळपाच्या तोंडाशी जाऊन बसला, रजेवरून कामावर हजर झाल्यासारखा.

रामेश्वर दोरी उचलायला वाकला, तर त्यानं दात दाखवले.

"सरका मागं!" मेंढरांची मालकीण गोपिकाबाई ओरडली. "राखणीला बसलाय तो. तुम्ही चोर वाटून राह्यले त्याला."

"अहो, आमच्याच घरचा कुत्रा आहे!"

"त्याला ठावं हाय का?"

रामेश्वर गोड बोलला, बिस्किटं दाखवली, ऑफिसात शिपायावर ओरडतो तसा ओरडलाही. शिपाई ऐकतो तितकंच फौजदारानं ऐकलं. ऊन चढलं. कुत्र्याशिवाय घरी जायची सोय नव्हती. शेवटी गोपिकाबाईला कीव आली. तिनं आपली घोंगडी रामेश्वरच्या डोक्यावरून टाकली.

"मेंढराचा वास हाय हिला. कळपातून एखादं फुटून चाललं, की त्याच्यामागं जातंय कुत्रं. बोलू नका, वाकून चाला. घोंगडी सांजच्याला आणून द्या."

रामेश्वर वाकून निघाला. फौजदार मुकाट्यानं मागं. भर एप्रिलमध्ये घोंगडी पांघरलेला कारकून कॉलनीत शिरताच शेजारच्या सर्जेरावांनी दार लावून घेतलं. रामेश्वर घामानं निथळत होता, पण मनातून फार खूश होता. कुत्रा शाबूत आला होता!

मामा ओसरीत खाटेवर बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अंधुक. घोंगडीचा वास आला तसे सावरून बसले. फौजदाराच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचा चेहरा खुलला.

"शाब्बास! मनीषा, बाहेर ये जल्दी. कोणी जाणता गडी आपलं कुत्रं घेऊन आलाय. त्याला गूळपाणी दे आन् इनंती कर," मामा म्हणाले, "आमचे जावईबापूबी तिकडंच कुठं ऱ्हायले असतील, तेवढे शोधून आण म्हणावं."