मोठ्या दरीचा पाचवा शिक्का

माणूस निवृत्त झाला की त्याच्या वेळेचं काय करायचं, हा प्रश्न त्याचा एकट्याचा राहत नाही. तो सार्वजनिक हिताचा प्रश्न होतो, आणि सार्वजनिक हित म्हटलं की समिती आलीच. अ‍ॅरिझोनातल्या आमच्या सनडाउन मेसा वसाहतीत चारशे बारा घरं आहेत, अकरा समित्या आहेत आणि एक झाड आहे. (दिसायला झाडं तीन दिसतात. त्यातला ताड आणि पाइन हे मोबाइलचे मनोरे आहेत. त्यांना दर दोन वर्षांनी हिरवा रंग देतात.) मी स्थलदर्शन समितीचा सेक्रेटरी. चौदा वर्षांपूर्वी मिनेसोटात बर्फ उपसायचं फावडं फेकलं आणि इथं आलो, आणि तेव्हापासून मला एक दिवस मोकळा मिळालेला नाही. समितीचे उपकार कसे फेडावेत कळत नाही.

आमचं जगणं शिस्तीचं. साडेचारला उठायचं, ऊन यायच्या आत फिरून घ्यायचं, सहाला तलावात गुडघ्यांचा व्यायाम. मग अंगणातली खडी दाताळ्यानं विंचरायची. (हिरवळ लावायला परवानगी नाही, खडीला हिरवा रंग द्यायला आहे.) नऊच्या आत घरात. दुपारी चारला क्लबात रात्रीचं जेवण. उन्हाळ्यात पारा शेहेचाळीसवर गेला की रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "पण हवा कोरडी आहे हो!" आणि आपणही तेच म्हणायचं. गाडीचं स्टीअरिंग धरायला भट्टीतून पाव काढायचे हातमोजे लागतात, ते प्रत्येक गाडीत असतातच. हवा कोरडी असल्यामुळे त्रास काही होत नाही.

आता झाड. क्लबाच्या दारात एक खरं मेस्कीटचं झाड आहे. त्याची सावली अकरा ते चार या वेळात बरोबर एका गाडीवर पडते. ती जागा कोणाची, यावरून पूर्वी वसाहतीत फार कटुता होती. एका सद्‌गृहस्थानं तर सलग नऊ दिवस गाडीतच मुक्काम ठोकला होता. शेवटी समितीनं न्याय्य तोडगा काढला: वर्षभरात जे जोडपं जास्तीत जास्त प्रेक्षणीय स्थळं पाहील, त्याला ती सावली पुढचं वर्षभर.

पाहिलं म्हणजे काय, हे ठरवायला चार बैठका लागल्या. नियम सात (ब) असा आहे: प्रत्येक प्रेक्षणीय स्थळी माहिती केंद्रात एक टेबल असतं, टेबलावर तारखेचा शिक्का असतो; तो आपल्या निळ्या पुस्तिकेत स्वच्छ उमटला म्हणजे ते स्थळ पाहिलं. एकच स्थळ पाच वेळा पाहिलं तर पाच शिक्के. नियमात डोळ्यांचा उल्लेख कुठंही नाही. (मसुद्यात होता. श्री. अ‍ॅम्ब्रोज यांच्या हरकतीवरून काढला; त्यांना झोप लागायची.)

या नियमानं स्थलदर्शनात केवढी प्रगती झाली म्हणून सांगू! पूर्वी एक जोडपं वर्षाला सहा-सात ठिकाणं करायचं, आता सरासरी चौऱ्याण्णव. स्टबलफील्ड दांपत्य तर या विद्येत पारंगत. फर्न गाडी चालू ठेवून बसते, वेन्डेल एकोणऐंशीव्या वर्षी बदललेल्या गुडघ्यानिशी आत धावतो. झाडांचे दगड झालेलं एक अख्खं प्राचीन जंगल त्यांनी अकरा मिनिटांत पाहिलं, त्यातली तीन मिनिटं शौचालयात गेली.

त्यांच्या तोडीचं दुसरं जोडपं म्हणजे माझे शेजारी, ऑर्व्हिल आणि मार्लीस टॉरकेल्सन. ऑर्व्हिल नॉर्थ डकोटात अडतीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसला. चिठ्ठी हातात आल्याशिवाय गहू आला असं तो मानायचा नाही. मार्लीस तिथल्याच शाळेत तिसरीला भूगोल शिकवायची. उत्तरेकडची ती मोठी दरी, जी बघायला सगळं जग लोटतं, ती तिनं एकतीस वर्षं खडूनं फळ्यावर काढली. इथून ती दरी गाडीनं चार तासांवर. टॉरकेल्सन दांपत्यानं ती चार वेळा पाहिली होती, शिक्के मी स्वतः तपासलेत. चारही वेळा शिक्का मारून ते लगेच मागे फिरले, कारण जेवण चारला.

जानेवारीत डॉक्टरांनी मार्लीसला सांगितलं, की नजरेचा मधला भाग विझत चाललाय. पुढच्या हिवाळ्यापर्यंत कडेकडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. आरोग्य समितीनं तातडीनं सहानुभूतीचा ठराव केला आणि प्रत तिला घरपोच दिली. (अक्षर बारीक होतं.)

मार्च संपत आला तेव्हा दोन्ही जोडपी एकशे अडतीस शिक्क्यांवर बरोबरीत होती. वेन्डेलचा दुसरा गुडघा इस्पितळात होता, त्यामुळे ते अडकलेले. पुस्तिका रविवारी दुपारी बारापर्यंत द्यायच्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मी माझी खडी विंचरत होतो आणि कुंपणापलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"उद्या मोठ्या दरीला जाऊ," ऑर्व्हिल म्हणाला. "एक शिक्का, की सावली आपली."

"जाऊ या की. पण या वेळी मला कठड्याशी उभं राहून बघायचंय. निवांत."

"अगं, चारदा जाऊन आलो ना आपण!"

"आपण कुठले? तुझी पुस्तिका जाऊन आली. मी गाडीत सँडविचं धरून बसले होते."

"चारच्या आत परतायचं असतं, मार्लीस."

"बाई गं, त्या चारनं माझा जीव खाल्लाय! पुढच्या वर्षी मी गेले तर दरी सोडून सगळं दिसेल मला. कडेची झाडं, कडेची माणसं. तुझा कान दिसेल."

ऑर्व्हिल हळूच म्हणाला, "सावली मी कोणासाठी मागतोय? तुलाच ऊन सोसत नाही डोळ्यांना." मी दाताळं थांबवलं होतं, ते पुन्हा चालू केलं.

शनिवारी पहाटे पाचला ते निघाले. सोबत कॉफीचा थर्मास, चीजची सँडविचं आणि काकडीच्या लोणच्याची बरणी. (पुढची माहिती दोघांच्या जबानीवरून.) नऊ वाजता पोचले. माहिती केंद्रातल्या टेबलाशी रांग थटलेली होती, कारण शाईचं पॅड वाळून खडखडीत झालेलं होतं. शिक्का दाबला की कागदावर नुसता खळगा पडायचा.

"नवीन शाई दुपारी येईल," गणवेशातली मुलगी म्हणाली. "तोवर दरी बघून या ना. दोनशे पावलांवर आहे."

रांगेत निरनिराळ्या वसाहतींतली अकरा जोडपी होती. एकही हललं नाही. गेलं आणि नंबर गेला तर? एकानं पॅडवर फुंकर घालून पाहिली, एकीनं थुंकी लावली. ऑर्व्हिलनं कॉफी घातली, मग लोणच्याचं पाणी. लोणच्याच्या पाण्यानं किंचित हिरवट उमटलं, पण तारीख वाचता येईना. मार्लीस म्हणाली, "तू उभा राहा, मी आले," आणि गेली.

बारा वाजले तरी ती येईना. ऑर्व्हिलनं पुस्तिका रांगेतल्या आपल्या जागेवर जमिनीवर ठेवली आणि तिला बोलवायला गेला. अंतर दोनशे पावलं. परत यायला त्याला साडेपाच तास लागले.

ते आले तेव्हा टेबल बंद झालं होतं. शाई येऊन गेली होती, रांग शिक्के घेऊन गेली होती, पुस्तिका जमिनीवर तशीच होती, आणि तिच्यावर बुटाचा एक ठसा होता. अगदी स्वच्छ उमटलेला. त्या दिवशी क्लबात चारच्या जेवणाला टॉरकेल्सनांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. भाजलेल्या बटाट्यांच्या थाळीतले दोन वाटे उरले, तेव्हा कुजबुज झाली की त्यांच्यातलं कोणीतरी गेलं असणार.

रविवारी सकाळी समितीपुढे सुनावणी झाली. अध्यक्षा श्रीमती ओपल हचेन्स. सदस्य सात. सातांच्या नावावर मोठ्या दरीचे मिळून एकसष्ट शिक्के, म्हणजे विषयाचा अधिकार वादातीत.

"शिक्का?" ओपलबाईंनी विचारलं.

"नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "पण आम्ही होतो तिथं. चांगले पाच-सहा तास."

"पाच तास? करत काय होता?"

"बघत होतो."

सभागृहात हशा पिकला. ऑर्व्हिल लाल झाला. मग मार्लीस उठली. "शिक्का नाही ना? मग मी सांगते काय पाहिलं ते. एकतीस वर्षं मी ती फळ्यावर चुकीची काढत होते," असं म्हणून तिनं सुरुवात केली आणि वीस मिनिटं बोलली. हातानं दाखवत होती, मध्ये थांबत होती. एकदा तिला रडू आलं, तेही तिनं पुसलं नाही.

आता समितीपुढे पेच पडला. वर्णन खरं की खोटं, हे ताडून कोण पाहणार? सातांपैकी एकानंही दरी पाहिलेली नव्हती. एकानं क्लबातलं कॅलेंडर काढून आणलं; मार्लीसनं सांगितलेले रंग त्याच्याशी जुळेनात. दुसऱ्यानं आपला कॉफीचा मग दाखवला, त्यावरच्या दरीशीही जुळेना. कॅलेंडर आणि मग मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. पुरावा दोन विरुद्ध एक झाला. वर्णन सात विरुद्ध शून्य मतांनी अमान्य झालं. सातवं मत माझं.

इतिवृत्तात मी लिहिलं, "सौ. टॉरकेल्सन यांनी वर्णन केले. ग्राह्य धरले नाही." मला त्या वेळी लाज वाटली. भयंकर लाज वाटली. इतिवृत्ताच्या नमुन्यात तो रकाना नाही.

राहता राहिला निकाल. बरोबरी होतीच, पण आगाऊ न कळवता जेवण चुकवल्याबद्दल टॉरकेल्सनांचा एक शिक्का कापण्यात आला. स्टबलफील्ड एकशे अडतीस, टॉरकेल्सन एकशे सदतीस. सावली स्टबलफील्डना मिळाली. त्यांनी गाडी झाडाखाली लावली ती आजतागायत हलवलेली नाही, कारण हलवली तर सावली वाया जाईल. दोघं उन्हातनं चालत जातात आणि संध्याकाळी येऊन गाडी थंड आहे ना, हे हात लावून बघतात.

टॉरकेल्सनांनी पुस्तिका परत केली. संध्याकाळी दोघं ओसरीवर बसतात आणि मला कुंपणापलीकडून ऐकू येतं. "अगं, दुपारी ढग आला तेव्हा ते तळाचं निळं झालं नव्हतं का?" "निळं कुठलं? जांभळं. तू चष्मा पुसत बसला होतास, मेल्या!" रोज भांडतात, एकमत काही होत नाही. मार्लीस आता त्याच्याकडे बघायला मान जराशी वळवते.

आता तुमच्याविषयी. इथवर तुम्ही एकशे अडतीस आणि एकशे सदतीस हे आकडे नीट ध्यानात ठेवलेत, सावली कोणाला मिळाली तेही तुम्हाला समजलं. मार्लीस वीस मिनिटं बोलली, त्यातलं दरीबद्दलचं एक वाक्यही मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुम्ही निकालाच्या ओढीनं सरळ पुढे आलात. मला फार समाधान वाटलं. श्री. अ‍ॅम्ब्रोज गेल्या महिन्यात वारले (आयुष्यभराचे शिक्के दोनशे बारा), त्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे. वयाची अट तुमच्यासाठी शिथिल करू. या.