उडीद कोठे शे?

भुसावळला आमच्या गल्लीत दळण टाकायचं म्हणजे आधी नानांची तपासणी. गिरणीच्या ओट्यावर ते बसलेलेच असत. कोणाचाही डबा उघडायचे, मूठभर ज्वारी तळहातावर पसरायचे आणि विचारायचे, "उडीद कोठे शे?" नुसती ज्वारी असली की त्या बाईची धडगत नसे.

नानांची सगळी नोकरी सरकारी वराहपालन केंद्रात गेली. डुकरांचा खुराक मिसळता मिसळता लायसिन हा शब्द त्यांच्या जिभेवर बसला, तो निवृत्त झाल्यावरही उठला नाही. लायसिन म्हणजे अंगावर मांस धरायला लागणारं प्रथिनातलं एक सत्त्व; ज्वारी-मक्यात ते कमी, डाळीत भरपूर. ज्वारीत उडीद घालून कळणाची भाकरी आपल्याकडे पूर्वापार करतात, पण नानांनी तिला थेट डुकरांच्या पंगतीला बसवलं. एका लग्नात वरमाईचं ताट बघून "लायसिन कमी शे" म्हणाले होते. बाई पुढे कितीतरी दिवस फुगून होत्या.

सासूबाई गेल्या आणि आमच्या आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, अंथरूण धरलं. म्हाताऱ्या माणसाला हलकं बरं म्हणून मी भाताची पेज देत होते. त्यांना उभंही राहवेना. आता हेही जातात की काय, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला होता. तेवढ्यात नाना आले. त्यांनी आबांची पोटरी चाचपली.

"पिलू शे तोवर बठ्ठा जीव लावतस. मोठं व्हयनं का भूसा. शेवटला टप्पामाच लोक लायसिन तोडतस."

सासऱ्यांना सरळ डुकराच्या रांगेत बसवलं! मी चांगलंच सुनावणार होते, पण आबा हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा.

मग नाना रोज दुपारी यायचे. कळणाची भाकरी उडदाच्या घुट्यात कुस्करायला लावायचे आणि आबांचं ताट रिकामं होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. स्वतः फक्त चहा. हळूहळू आबा ओसरीत आले, मग काठी टेकत गिरणीपर्यंत. नानांचे हे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

एकदा गिरणीत माझ्यापुढे नानांचाच डबा होता. म्हटलं, आज आपण तपासू. झाकण काढलं तर नुसती ज्वारी.

"नाना, उडीद कोठे शे?"

"एकला माणूसले काय कळण, सूनबाई? चटणीसंगे खाई लेस."

मी माझ्या पिशवीतले उडीद त्यांच्या डब्यात ओतले. म्हटलं, "उद्यापासून दोन ताटं वाढते. आबांना समोर जेवणारं माणूस पाहिजे."

नानांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले.

"उडीद जास्ती पडी गया," म्हणाले, आणि मूठ परत डब्यातच रिकामी करून झाकण लावून टाकलं.