वानखडेसाहेबांचा मॅक

पहिला घास पोटात गेला की वानखडेसाहेब विचारत, "काल मॅक कुठवर आला होता?"

ओमानमधल्या दुक्मच्या आमच्या कॅम्पात मॅक नावाचं कोणी नव्हतं. हा मॅक शंभरेक वर्षांपूर्वीचा, स्कॉटलंडचा गोल्फर. कोळ्याचा पोरगा. गोल्फच्या काठ्या तासता तासता पोटासाठी खेळू लागला. देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा एका फटक्यानं हरला आणि बोटीत बसून अमेरिकेत शेठलोकांना खेळ शिकवायला गेला. साहेब म्हणत, "म्हणजे आपल्यासारखाच, बाप्पा. कॉन्ट्रॅक्टवर."

साहेब पाइपिंगचे इंजिनिअर, मूळचे नागपूरकडचे. शुक्रवारी सकाळी कॅम्पामागच्या रेतीत एक काठी आणि प्लॅस्टिकच्या हिरवळीचा तुकडा घेऊन निघत. तुकडा अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवून हाणायचा, मग तुकडा बगलेत मारून चेंडूमागे चालायचं. एकदा चेंडू उंटांच्या मधोमध पडला. उंट हलेनात. साहेब अदबीनं उभे राहिले. मॅकलाही म्हणे मेंढ्यांसाठी थांबावं लागे.

गोष्टीत चूक मात्र खपत नसे. मालवणचा सावंत एकदा सहज बोलून गेला, की मॅक दोन फटक्यांनी हरला. साहेबांनी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला.

एका शुक्रवारी गाडीची किल्ली मागायला मी रेतीत त्यांच्या मागे गेलो. ते पाठमोरे बसून व्हिडिओ कॉलवर मॅकचीच गोष्ट सांगत होते. पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ, नजर भलतीकडेच.

"आणि मग, बाबा, मॅक जिंकला."

मी चाट पडलो. म्हातारबाबांनी मान वळवली.

"कोन म्हनते? हारला तो. एका फटक्यानं."

"असं का?"

"मंग! सायबानं मले सोता सांगतलं." आणि बोटीची हकिकत त्यांनी स्वतःच सुरू केली. साहेब मधूनमधून 'मग?' एवढंच विचारत.

फोन ठेवल्यावर कळलं, की वडील तरुणपणी छावणीच्या गोल्फच्या मैदानावर एका कर्नलच्या काठ्यांची पिशवी वाहत. त्या कर्नलसाहेबानं ही गोष्ट त्यांना सांगितली, त्यांनी ती निजताना मुलाला. आता त्यांना मुलाचं नाव आठवत नाही.

"पण मी गोष्टीत चुकलो की चिडतात," साहेब म्हणाले. "माझ्या लहानपणी चिडायचे, अगदी तसेच."

किल्ली माझ्या हातात देऊन त्यांनी हिरवळीचा तुकडा बगलेत मारला.

"पुढच्या शुक्रवारी मॅकला अमेरिकेऐवजी मस्कतला उतरवतो."